लाईट गेली की निळा पडदा: जुन्या विंडोजसाठी स्वस्त डेस्कटॉप घेताना

मागच्या लग्नसराईत परभणीतल्या एका छापखान्यातून सकाळी सातला फोन आला. "दादा, पुन्हा निळा पडदा आलाय बघा. रात्री लाईट गेली होती." चार महिन्यांत ही पाचवी वेळ. पत्रिकांच्या ऑर्डरी अंगावर आणि मुहूर्त दहा दिवसांवर. ज्या मशिनवर वीस वर्षांचे पत्रिकांचे नमुने, बिलबुकं, लेटरहेडं, गावोगावच्या सप्त्यांची पत्रकं साठवलेली, तेच मशीन सुरू होत नव्हतं. दर वेळी एक मुलगा यायचा, फॉरमॅट मारायचा, विंडोज एक्सपी नव्यानं टाकायचा, पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, फाँट, प्रिंटरचे ड्रायव्हर बसवायचा आणि पैसे घेऊन जायचा. पुढच्या वेळी रात्रभर लाईट गेली की सकाळी तोच निळा पडदा.

मी गेलो, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि मदरबोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी काढून मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टच्या बॅटरीत दोनच्या आसपास व्होल्ट उरले होते. नवी सीआर २०३२ बॅटरी टाकली, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, जाऊन एक सेटिंग बदलली आणि मशीन जसंच्या तसं उभं राहिलं. फॉरमॅट नाही, काही नाही. आधीच्या चारही वेळी फॉरमॅटची गरज नव्हती. त्या चार फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरच्या दोन वर्षांच्या फाइली मात्र कायमच्या गेल्या. छापखान्याच्या मालक काकांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा सविस्तर लिहायचं.

काय होतं ते समजून घ्या. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ या बॅटरीवर टिकतात. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर मदरबोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरी मेलेली असूनही काही कळत नाही. लाईट गेली किंवा रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की बायोस सगळं विसरून कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातो. हार्डडिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे साटा मोड, ही त्यातलीच एक. बहुतेक बोर्डांची मूळ पद्धत एएचसीआय असते, डेलच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांत रेड (RAID) असते. एक्सपीच्या सीडीत या दोन्हींचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत विंडोजला समजावणारा छोटा प्रोग्राम, नाही. म्हणून एक्सपी टाकताना साटा मोड आयडीई करावा लागतो. डेलच्या बायोसमध्ये त्यालाच एटीए म्हणतात. नंतर तो मोड बदलला की एक्सपीला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर शून्यांच्या रांगेच्या शेवटी ७बी असा कोड येतो.

तर लाईट गेल्यावर ७बी आला की आधी बायोस उघडा. तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची दिसली, किंवा सुरू होताना 'सीएमओएस चेकसम एरर' किंवा 'टाइम ऑफ डे नॉट सेट' असा संदेश आला, की बॅटरी गेली म्हणून समजा. बॅटरी बदला, साटा मोड पूर्वीचा करा, तारीख लावा. चुकीच्या तारखेमुळे बिलांवर भलतं वर्ष छापलं जातं आणि काही सॉफ्टवेअर लायसन्सची मुदत संपली म्हणून अडून बसतात, तेही यातच सुटतं. सेटिंग नीट असूनही ७बी येत असेल, तरच केबल आणि डिस्क तपासा. फॉरमॅट अगदी शेवटी, आणि त्याआधी डिस्क दुसऱ्या पीसीला लावून सगळ्या फाइली काढून घेतल्याशिवाय नाहीच.

आता यातूनच निघालेला दुसरा प्रश्न, जो मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

नवा पीसी आणला, जुनी विंडोज बसेना

फॉरमॅटला कंटाळून काकांच्या पुतण्यानं नवाकोरा पीसी आणला होता. इंटेलच्या बाराव्या जनरेशनचा (पिढीचा) आय३ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एनव्हीएमई ही नव्या प्रकारची डिस्क. उद्देश चांगला होता. त्यावर विंडोज ११ छान चालली, पण पेजमेकर नीट चालेना आणि जुन्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमीड. मग म्हणाले, विंडोज ७ टाकू. ती बसेना. बॉक्स तसाच माझ्याकडे आला.

हे लोक जुनी विंडोज हट्टानं वापरतात असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. तिला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं साठवायची पद्धत, कळत नाही. आपल्याकडच्या छापखान्यांनी तिच्यात श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा पॅकेजांच्या फाँटांवर काम केलं. त्या फाँटांत 'क' लिहिला तरी फाइलमध्ये कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा कोड साठवला जातो आणि फाँट फक्त चित्र मराठी दाखवतो. तो फाँट आणि ते पॅकेज नसेल तर फाइलीतला मजकूर वाचताच येत नाही. वीस वर्षांचं काम त्या कोडात अडकलेलं आहे. ते नव्या पद्धतीत आणायला वेळ लागेल, तोवर जुनं मशीन चालू राहिलंच पाहिजे.

मोंढ्यातल्या अडत दुकानांचंही असंच आहे. तिथं पेजमेकर नसतं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी करून दिलेला प्रोग्राम असतो. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, सगळा हिशेब त्यात, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बनच्या कागदावर छपाई. सोयाबीनच्या हंगामात हे मशीन बंद पडलं तर दुकानापुढं ट्रॅक्टरांची रांग लागते.

काकांच्या नव्या पीसीवर विंडोज ७ का बसली नाही? असे चार अडथळे असतात, आणि नव्या पीसीवर ते मागेपुढे, कमी-जास्त येतातच.

पहिला: सेटअप सुरू होतो, भाषा निवडायचा पडदा येतो, पण कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेलेले. विंडोज ७ च्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. २०१५ साली आलेल्या सहाव्या जनरेशनपासून इंटेलनं चिपसेटमधला यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकला, सगळे पोर्ट नव्या कंट्रोलरवर गेले. पोर्टचा रंग काळा असो की निळा, विंडोज ७ च्या सेटअपला तिथलं काही दिसत नाही. पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर 'सीडी किंवा डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही' असा संदेश येतो आणि लोक डीव्हीडी रायटर बदलत बसतात. दोष रायटरचा नसतो. चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या बोर्डावर हाच संदेश आला, तर पेनड्राइव्ह निळ्या पोर्टातून काढून काळ्या पोर्टात लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

दुसरा: 'स्टार्टिंग विंडोज' इथं चार रंगांचे ठिपके येऊन पडदा गोठतो. विंडोज ७ ला सुरू व्हायला जुन्या बायोसची पद्धत लागते, यूएफईआयमध्ये, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसमध्ये, त्याला सीएसएम किंवा लेगसी म्हणतात. नव्या बोर्डांत ती सोय निघून गेली आहे, विशेषतः बोर्डावरचा ग्राफिक वापरत असाल तर. बायोसमध्ये सीएसएमचा पर्यायच नसेल तर तिथंच थांबा, रात्र जागवू नका.

तिसरा: डिस्क निवडायच्या जागी यादी रिकामी. एनव्हीएमईचा ड्रायव्हर मूळ विंडोज ७ मध्ये नव्हता. मायक्रोसॉफ्टनं नंतर केबी २९९०९४१ नावाची दुरुस्ती दिली, ती आधीच सेटअपमध्ये मिसळावी लागते.

चौथा आणि सगळ्यात चिवट: हे सगळं पार केलं तरी ग्राफिकचा ड्रायव्हर मिळत नाही. पडदा मोठमोठ्या अक्षरांचा, खिडकी सरकवली तरी थरथरणारा. इंटेलनं विंडोज ७ साठी ग्राफिकचे ड्रायव्हर सहाव्या जनरेशनपर्यंत दिले, सातव्यापासून अधिकृत पाठबळ थांबलं. पेजमेकरमध्ये पत्रिकेचं नक्षीकाम करणाऱ्या माणसाला अशा पडद्यावर काम करता येत नाही.

हौस आणि हाताशी वेळ असलेला माणूस यातले दोन-तीन अडथळे ओलांडतो. धंद्याच्या मशिनवर मी ते करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. प्रत्येक जुगाड म्हणजे पुढच्या बिघाडाची जागा, आणि तो दुरुस्त करायला जुगाड करणारा माणूस गावात असेलच असं नाही.

आधी सॉफ्टवेअरला विचारा, मग पीसी शोधा

माझ्या दुकानात कुणी "दादा, विंडोज ७ चा स्वस्त पीसी पाहिजे" म्हणालं की मी आधी जुन्या मशिनच्या मागच्या भागाचा फोटो मोबाइलवर काढून आणायला सांगतो. त्या एका फोटोत निम्मं उत्तर असतं.

बघायचं काय, तर पॅकेजचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी लायसन्सची चावी, कुठं लागतं. यूएसबीचं असेल तर काम सोपं. पण कित्येक छापखान्यांत अजून प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात लागणारं डोंगल आहे, ज्याच्या मागं पुन्हा प्रिंटरची केबल जोडतात. त्याला बोर्डावरचा खरा पॅरलल पोर्ट लागतो. यूएसबी टू पॅरललची केबल घेऊ नका, तिच्यावर प्रिंटर कधीमधी चालतो, डोंगल नाही. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्डही बेभरवशाचं, कारण जुनं सॉफ्टवेअर डोंगलला ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर शोधतं आणि कार्डाला वेगळाच पत्ता मिळतो. इथं लोक महिना महिना अडकतात आणि डोंगल खराब झालं म्हणून पॅकेजवाल्याला फोन करतात. बऱ्याच एच६१ (दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या) आणि एच८१ (चौथ्या जनरेशनच्या) बोर्डांवर मागं पोर्ट दिसत नसला, तरी आत एलपीटी असं लिहिलेल्या पिना असतात. त्याला लागणारी पट्टी आणि केबल वेगळी मिळते. बोर्ड घेताना त्या पिना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग बायोसमध्ये पोर्ट ३७८ वर आहे का ते तपासा, आणि मोड ईसीपीवर डोंगल मिळत नसेल तर ईपीपी किंवा साधा मोड लावून बघा.

दुसरी गोष्ट बिटची. ६४ बिटच्या कुठल्याही विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. विंडोजच्या आधीच्या डॉसमधला फॉक्सप्रो त्यात आला. आणि एक चकवा असा की काही ३२ बिट सॉफ्टवेअरचा फक्त सेटअप १६ बिटचा असतो, म्हणून "चालायला पाहिजे पण बसत नाही" असं होतं. जुनं काम असेल तर ३२ बिटचीच विंडोज टाका. तिला चार जीबीच्या आतलीच रॅम दिसते, म्हणून जास्त रॅमचे पैसे देऊ नका.

आणि अडत दुकानवाल्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळं सांगायचंय. प्रोग्राम डॉसचा फॉक्सप्रो असेल, तर जुना पीसी शोधायच्या आधी व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स वापरून बघा. साध्या विंडोज १० किंवा ११ वर हे चालतात आणि आत डॉसचा प्रोग्राम चालवतात. छपाई जुळवायला एखादा दिवस जातो, पण जुळली की जुन्या विंडोजचा प्रश्नच मिटतो. जिथं हे जमतं तिथं मी जुना पीसी विकत नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे आज ना उद्या हा रस्ता धरावाच लागणार आहे.

कोणत्या जनरेशनचा घ्यायचा

एक्सपी हवी असेल तर इंटेलचं दुसरं किंवा तिसरं जनरेशन, म्हणजे २०११-१२ च्या सुमाराची मशिनं. बोर्डावरच्या ग्राफिकचे एक्सपीसाठीचे ड्रायव्हर इंटेलनं तिथपर्यंत दिले. चौथ्या जनरेशनवर एक्सपी टाकायची तर वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. एनव्हिडियाचं २१० किंवा जीटी ६१० सारखं जुनं कार्ड चालतं, पण मग स्वस्तपणा कुठं राहिला?

विंडोज ७ साठी माझी पसंती चौथं जनरेशन. २०१३ मध्ये आलं. यूएसबी २ चा कंट्रोलर आहे, लेगसी बूट आहे, सगळे ड्रायव्हर आहेत, वेगही पुरेसा. सहावं जनरेशन मिळालं आणि मागं पीएस-२ चा गोल पोर्ट असेल, तर तो कीबोर्ड लावून आणि साध्या साटा डीव्हीडीवरून विंडोज ७ बसवता येते, मग यूएसबीचा ड्रायव्हर टाकायचा. पण फरकाचे पैसे देण्यासारखं त्यात काही नाही. सातव्यापासून पुढचं नको. मायक्रोसॉफ्टनं सातव्या जनरेशनवर आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर विंडोज ७ चे अपडेटही २०१७ मध्ये अडवले होते.

जनरेशन ओळखायचं प्रोसेसरच्या आकड्यावरून. आय५-३४७० मधला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरं. आय५-४५७० म्हणजे चौथं. आय३-१२१०० असे पाच आकडे दिसले की पहिले दोन धरायचे, ते बारावं. आणि आय५-६५० असे तीनच आकडे असतील तर ते पहिलं जनरेशन, सहावं नव्हे. दुकानदार नुसतं "आय५ आहे" म्हणतो, तेव्हा पूर्ण आकडा मागा. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, पीसी चालू करून बायोसमध्ये वाचा.

नवीन बोर्ड आणि जुना प्रोसेसर असा जोडलेला असेंबल पीसी घ्यायचा की कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड? मी ब्रँडेडच्या बाजूचा आहे. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, एचपी कॉम्पॅक प्रो ६३००, लेनोवो थिंकसेंटर एम८२, ही तिसऱ्या जनरेशनची मशिनं. ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ९०२०, एचपी प्रोडेस्क ६०० जी१, थिंकसेंटर एम८३, ही चौथ्याची. रोज आठ-दहा तास चालावीत म्हणून ती बनवली होती. बायोस साफ, ड्रायव्हर मॉडेलच्या नावानं एका जागी. आजकाल एच६१ चे नव्यानं बनवलेले स्वस्त बोर्ड मिळतात, त्यांतले काही बरे निघतात, पण बायोसमध्ये निम्मे पर्याय लपवलेले असतात आणि बिघडला तर ड्रायव्हर शोधण्यात दिवस जातो. पॅरलल पोर्टचं डोंगल असेल तेव्हाच मी असेंबलकडे वळतो.

ऑप्टिप्लेक्स ७०१० बाबत एक सावधगिरी. डेलनं २०२३ मध्ये हेच नाव तेराव्या जनरेशनच्या मशिनला पुन्हा दिलं. ऑनलाइन ड्रायव्हर शोधताना आणि जुना पीसी मागवताना वर्ष बघा, नाहीतर नव्या ७०१० चे ड्रायव्हर जुन्यावर टाकत बसाल.

खरेदीच्या वेळी

आपल्याकडची मंडळी जुन्या मालासाठी संभाजीनगर, पुणे किंवा नांदेडमार्गे थेट सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर गाठतात. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं जाता येतं. कुठंही घ्या, पैसे देण्याआधी दहा मिनिटं बसून तपासा. बायोस उघडतो का? ऑफिसमधून निघालेल्या कित्येक मशिनांवर बायोसचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो नसेल तर साटा मोड बदलता येणार नाही आणि एक्सपी टाकताच येणार नाही. डेलच्या डेस्कटॉपवर बोर्डावरचा जंपर काढून पासवर्ड जातो, पण ते दुकानदाराकडूनच करून घ्या. साटा मोडच्या यादीत आयडीई किंवा एटीए दिसतं का ते बघा.

मग झाकण उघडून कॅपॅसिटर फुगलेत का बघा. पॉवर सप्लाय बघा, कारण चौथ्या जनरेशनच्या काही ब्रँडेड मॉडेलांत बोर्डाला जाणारी पिन नेहमीच्या चोवीस पिनांची नसते. डेलच्या ३०२० आणि ९०२० मध्ये आठ पिनांची आहे. सप्लाय गेला तर परभणी-हिंगोलीच्या दुकानात तो मिळत नाही, मागवावा लागतो. छोट्या डब्यात बसणारं मॉडेल त्यातही अडचणीचं, म्हणून मी टॉवरच सुचवतो. टॉवरमध्ये हवाही खेळती राहते. आपल्याकडे मे महिन्यात छापखान्याच्या पत्र्याखाली काय उकाडा असतो ते सांगायला नको. वसमतच्या हळदीच्या आडतीत किंवा मानवतच्या जिनिंगजवळ मशीन असेल, तर दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, नाहीतर पंख्याच्या खाली गादी तयार होते.

कॅबिनेटवर विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर असेल तर ते जपा. ते तुमच्या लायसन्सचा पुरावा आहे, आणि त्या आवृत्तीबरोबर एक्सपी प्रोफेशनल वापरायची मुभा मायक्रोसॉफ्टनं दिली होती. घासून पुसट झालं असेल तर आताच फोटो काढा.

जुनी हार्डडिस्क आली तशी वापरू नका. १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी घ्या. एक्सपी स्वतः पार्टिशन करते तेव्हा ते ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, त्यामुळे एसएसडी मंदावते. आधी विंडोज ७ च्या डीव्हीडीनं किंवा जीपार्टेड या प्रोग्रामनं पार्टिशन करून घ्या आणि एक्सपी त्याच पार्टिशनमध्ये टाका. थोडं किचकट आहे, पण फरक जाणवतो. एनलाइट या प्रोग्रामनं एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर मिसळून एएचसीआयमध्येच एक्सपी बसवली, तर आणखी चांगलं. मग बॅटरी मेली तरी एएचसीआय हीच मूळ सेटिंग असलेल्या बोर्डावर ७बी येत नाही. विंडोज ७ ला एएचसीआय मुळातच कळतं, तिथं आयडीई करायच्या भानगडीत पडू नका. विंडोज ७ टाकल्यावर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या दोन दुरुस्त्या लगेच टाका. त्यांच्याशिवाय नंतरचे बरेच ड्रायव्हर आणि अपडेट डिजिटल सहीच्या कारणावरून नाकारले जातात.

इंटरनेटची वायर

हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही. यात मी तडजोड करत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षं आधी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली होती, इतकी ती आग मोठी होती. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, ईमेल, जीएसटीचं काम, सगळं दुसऱ्या मशिनवर करा. काकांचा तो बाराव्या जनरेशनचा पीसी वाया गेला नाही, तो आता हेच काम करतो. दोन्हींच्या मध्ये एकच पेनड्राइव्ह ठेवलाय, त्यावर लाल टेप लावलीय, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट जुन्या मशिनला लावायला बंदी. नव्या मशिनवर स्कॅन होऊनच फोटो पलीकडे जातात. पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर वेगळी दुरुस्ती टाकल्याशिवाय एक्सपीला तो वाचता येत नाही, एफएटी ३२ ठेवा.

दोन मशिनं नेटवर्कनं जोडायला काही जण विंडोज १० किंवा ११ मध्ये एसएमबी १ ही फाइली शेअर करायची जुनी पद्धत चालू करतात, कारण एक्सपीला तेवढंच येतं. वॉनाक्राय ज्या दारातून आला तेच हे दार. ते बंद राहू द्या.

डोंगल यूएसबीचं असेल आणि नवा पीसी दमदार असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक्सपी टाकून बघायला हरकत नाही. यूएसबी कंट्रोलर २.० चा निवडा, ३ चा ड्रायव्हर एक्सपीकडे नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांचं काम यावर छान चाललंय. पण रोज घाईत काम करणाऱ्या, कॉम्प्युटरची फारशी सवय नसलेल्या माणसाला खिडकीतली खिडकी गोंधळात पाडते. छापखान्यातल्या ऑपरेटर ताईंनी दोन दिवस वापरून "मला माझं जुनंच द्या" सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

काकांचं शेवटी असं झालं: तिसऱ्या जनरेशनचा टॉवर ऑप्टिप्लेक्स ७०१०, चार जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, ३२ बिट एक्सपी. डोंगल सुदैवानं यूएसबीचं. सगळं बसवून, तीन पत्रिका छापून बघितल्यावर क्लोनझिला या प्रोग्रामनं पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली. आता काहीही बिघडलं तर अर्ध्या-पाऊण तासात सगळं होतं तसं परत येतं. कामाच्या फाइली दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर जातात, ती डिस्क काका घरी नेतात.

डेलची मूळ सेटिंग रेड असल्यामुळे, आणि यावर मी घाईत एटीएमध्ये एक्सपी टाकल्यामुळे, बॅटरी इथं अजूनही महत्त्वाची आहे. म्हणून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलंय: साटा ऑपरेशन एटीए, बूट लेगसी, बॅटरी सीआर २०३२, बदलल्याची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरात, "७बी आला तर फॉरमॅट करू नका, आधी बायोस उघडा." शेजारी एक नवी बॅटरी पाकिटासकट टेपनं लावून ठेवलीय.